अन्नाचे मैल, अन्नाची माती

‘जवळचं घ्या, म्हणजे पर्यावरण राखलं जाईल’ हे सूत्र आता इतकं रूढ झालं आहे की त्यावर प्रश्न विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं जातं. बहारीनमध्ये या सूत्राला हक्काचा पत्ताही मिळाला आहे. बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बुदैयात, तिथल्या वनस्पती उद्यानात, दशकभराहून अधिक काळ थंडीच्या मोसमात शनिवारी सकाळी बहारीनी शेतकऱ्यांचा बाजार भरत आला आहे. टोमॅटो, काकड्या, मुळे, कोथिंबीर, जरजीर या पालेभाजीच्या ओल्या जुड्या, खजूर, मोसम असेल तर बोरंसुद्धा. मनामा आणि जुफैरकडची आपली मंडळी गाड्या काढून तिथे जातात, पिशव्या भरून आणतात आणि पृथ्वीचा भार थोडा हलका केल्याच्या समाधानात परततात. अन्नाचं घाऊक वितरण करणाऱ्या धंदेवाल्यांनाही हाच उपदेश मिळतो: आयात कमी करा, प्लास्टिक काढा, उरलेलं दान करा, की झालात तुम्ही हिरवे.

बुदैयाचा बाजार मला प्रिय आहे आणि तो टिकावा, वाढावा असं मनापासून वाटतं. पण त्याच्या बाजूने जे कारण सांगितलं जातं ते चुकीचं आहे, आणि चुकीच्या कारणावर उभी राहिलेली धोरणं वितरणाच्या धंद्याला भलतीकडेच नेतात. अन्नाने किती अंतर कापलं यावरून त्याचा पर्यावरणावरचा बोजा कळत नाही. पिकलेल्यापैकी किती खाणाऱ्याच्या तोंडी पडलं आणि किती वाटेत मेलं, यावरून तो कळतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. ‘फूड माइल्स’, म्हणजे अन्नाचे मैल, ही कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये टिम लँग या अन्नधोरणाच्या अभ्यासकाने पुढे आणली. ताटातल्या घासामागचा प्रवास लोकांना दिसावा, हा तिचा हेतू होता. बहारीनला ती कल्पना चपखल लागू पडते असं कुणालाही वाटेल. देशाचं क्षेत्रफळ सुमारे ७८० चौरस किलोमीटर, वस्ती पंधरा लाखांच्या घरात, पाऊस नावापुरता. बहुतेक अन्न बाहेरून येतं: हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदरात जहाजाने, १९८६ साली खुल्या झालेल्या किंग फहद कॉजवेवरून ट्रकने, आणि विमानाने. शिवाय पूर्वपक्षाच्या हाती एक भक्कम अभ्यासही आहे. २०२२ मध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकात आलेल्या ली आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने अन्नव्यवस्थेच्या एकूण उत्सर्जनातला वाहतुकीचा वाटा सुमारे १९ टक्के ठरवला. भाज्या-फळांच्या बाबतीत तर पिकवण्यापेक्षा वाहून नेण्यातच जवळपास दुप्पट उत्सर्जन होतं, असंही तो निबंध म्हणतो. अंतराला गौण मानणाऱ्याला या आकड्याला उत्तर द्यावंच लागेल.

उत्तर असं. त्या १९ टक्क्यांत केवळ शेतातून दुकानापर्यंतचा प्रवास नाही. खत, यंत्रं, पशुखाद्य यांचा शेतापर्यंतचा प्रवासही त्यात धरला आहे. त्याच नियतकालिकात २०२१ साली क्रिप्पा आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीने मोजणी केली, तेव्हा वाहतुकीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. आता बुदैयाच्या आसपासचं एखादं शेत डोळ्यांपुढे आणा. बियाणं बाहेरचं, खत बाहेरचं, हरितगृहाचा प्लास्टिक कागद, ठिबकच्या नळ्या, पंखे, सगळं समुद्रावरून नाहीतर कॉजवेवरून आलेलं. १९ टक्क्यांचा हिशेब मान्य करायचा तर ‘स्थानिक’ काकडीच्या नावावरही हे सगळे मैल चढतात. पाच टक्क्यांचा मान्य करायचा तर मुळात मैलांचा वाटाच किरकोळ. इकडे आड तिकडे विहीर अशी त्या युक्तिवादाची गत आहे.

त्याहून मोठी चूक ही की सगळे मैल सारखे धरले जातात. लासलगावचा कांदा घेऊ. न्हावा शेवाहून बहारीनचा समुद्रमार्ग अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. कंटेनरच्या जहाजावर एक टन माल एक किलोमीटर नेताना ढोबळमानाने वीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोभर कांद्यामागे पन्नास ग्रॅम. वाटेत दुबईच्या जबल अली बंदरात माल उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला, कंटेनर गार ठेवायला वीज लागली, म्हणून तो आकडा दुप्पट करू: शंभर ग्रॅम. लासलगाव ते बंदर या ट्रकच्या प्रवासाचे आणखी पंचवीसेक धरू. आता मनामाहून बुदैयाला शनिवारी निघालेली मोटार पाहू. जाऊन-येऊन सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणजे अडीच लिटर पेट्रोल. दर लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण साडेपाच किलोच्या वर. घरी आणली पाच किलो भाजी. किलोमागे एक किलोहून जास्त! समुद्र ओलांडून आलेल्या कांद्याच्या आठ-नऊ पट बोजा त्या शेवटच्या बारा किलोमीटरांनी टाकला. आणि मुंबईहून विमानाने आलेल्या किलोभर मालावर, टन-किलोमीटरला एक किलोच्या थोडं वर या दराने, अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड चढलेला असतो. वाहतुकीतले गुन्हेगार शोधायचेच असतील तर ते विमानात आणि खासगी मोटारीत सापडतील. जहाजातला कांदा-बटाटा, तांदूळ, डाळी, गूळ यांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. जून ते सप्टेंबर या बेटावर पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पालेभाजी पिकवायची तर हरितगृह ओल्या जाळ्या आणि मोठ्या पंख्यांनी सतत गार ठेवावं लागतं. त्यात पाणीही जातं आणि वीजही, आणि इथली वीज नैसर्गिक वायूवर चालते. ब्रिटनमध्ये याची उलट बाजू मोजली गेली आहे. २००५ साली तिथल्या सरकारी खात्यासाठी झालेल्या अभ्यासात, तापवलेल्या हरितगृहातल्या ब्रिटिश टोमॅटोचा बोजा टनामागे २,३९४ किलो कार्बन डायऑक्साइड निघाला आणि स्पेनहून ट्रकने आणलेल्या टोमॅटोचा ६३०. तिथे ऊब विकत घ्यावी लागते, इथे गारवा. पाण्याचा हिशेब तर आणखी कडू आहे. सौदी अरेबियाच्या बाजूने भूगर्भातून बहारीनला वर्षाला सुमारे ११२ दशलक्ष घनमीटर पाणी मिळतं, आणि वर्षानुवर्षं उपसा त्याहून जास्त झाल्यामुळे खालचं पाणी खारावत गेलं. अधारीसारखे नामांकित झरे आटले ते याच पायी. तुबलीच्या केंद्रात १९८२ पासून सांडपाणी शुद्ध केलं जातं. ते पाणी वापरून हिवाळ्यात काढलेली कोथिंबीर मी डोळे मिटून घेईन. ऑगस्टमधल्या काकडीबद्दल, ती कितीही जवळची असली तरी, तसं म्हणता येणार नाही.

मग नुकसान नेमकं होतं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकापर्यंत येऊ शकणाऱ्या अन्नाचा तो जवळपास पाचवा हिस्सा आहे. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, हॉटेलं-खानावळींचा २८, आणि किरकोळ विक्रीचा १२. काढणीनंतर दुकानात पोचण्याआधी जे १३ टक्क्यांच्या आसपास नष्ट होतं ते यात नाहीच. अन्न फुकट गेलं की ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल, गारवा हे सगळंच फुकट जातं. वर इथे त्याची रवानगी अस्करच्या कचरा-खड्ड्यात होते, तिथे ते हवेविना सडतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक आहे.

यावर वितरक म्हणतात, बघा, साठ टक्के घरात वाया जातं, आमचा त्यात काय दोष? हा बचाव मला मुळीच मान्य नाही. घरातल्या नासाडीचं बी पुष्कळदा गोदामात आणि व्हॅनमध्येच पेरलं जातं.

जुलैतली एक पहाट घ्या. पाच वाजताही पारा तिशीच्या वर, हवा इतकी दमट की चष्म्यावर पाणी धरतं. कोल्ड स्टोअरचं दार उघडं, व्हॅन पाठीमागून लावलेली, आणि एकाच व्हॅनमध्ये चार अंशांवर सगळं एकत्र चढतंय: दह्याचे डबे, कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, केळी. कोथिंबिरीला शून्य-दोन अंश हवेत. काकडीला दहा-बारा. केळ्याला तेरा, त्याखाली गेलं की साल राखाडी पडते आणि मग ते नीट पिकतच नाही. चार अंशांत प्रवास केलेली काकडी दुकानात उतरते तेव्हा तजेलदार दिसते. दोन दिवसांनी तिच्यावर पाणचट खळगे पडतात, तोवर ती कुणाच्या तरी घरच्या फ्रिजमध्ये पोचलेली असते. शेजारच्या पिकल्या टोमॅटोतून एथिलीन निघतो, त्याने कोथिंबीर पिवळी पडते. गार क्रेट बाहेरच्या दमट हवेत दहा मिनिटं ठेवले की त्यांवर दव साचतं, आणि त्या ओलीवर बुरशी धरते. व्हॅनच्या डॅशबोर्डवरचा आकडा आतल्या मागच्या भिंतीजवळच्या हवेचा असतो. दाराजवळच्या क्रेटमध्ये टोचणीचा थर्मामीटर घातला तर वेगळंच काही दिसतं. गृहिणी म्हणते, ‘परवाच आणली होती, आज टाकून द्यावी लागली.’ अहवालात ही नासाडी तिच्या नावावर लिहिली जाते.

दुसरं दुखणं ‘रिटर्न’चं. विकलं गेलं नाही तर परत घेऊन जा, या बोलीवर ब्रेड, दही, ताक, कापलेली फळं सुपरमार्केटात ठेवली जातात. दुकानदाराला मग नेमकी ऑर्डर देण्याची गरजच उरत नाही. संध्याकाळी फळ्या भरलेल्या दिसायला हव्यात, म्हणून तो जास्तच मागवतो. सेल्समनचं कमिशन बिलावर असतं, रिटर्नवर नसतं, म्हणून तो जास्तच खपवतो. परत आलेला माल पुन्हा विकता येत नाही. वर अनेक खरेदीदार अट घालतात की माल आला त्या दिवशी त्याच्या मुदतीचा मोठा भाग शिल्लक हवा; त्या अटीपायी पूर्ण खाण्याजोगा माल दारातूनच मागे फिरतो. धंदा हिरवा करायचा असेल तर पहिला घाव इथे घालावा लागेल. परतीची बोली काढून त्याबदल्यात दुकानदाराला थेट सवलत द्यायची. कमिशन खपलेल्या मालावर ठेवायचं. गोदामात ‘आधी आलेला आधी बाहेर’ या शिस्तीऐवजी ‘आधी संपणारा आधी बाहेर’ ही शिस्त लावायची, कारण उशिरा आलेल्या पेटीची मुदत कैक वेळा आधी संपते. यात सौरपट्ट्या नाहीत आणि जाहिरातीत दाखवण्यासारखंही काही नाही, म्हणूनच बहुधा हे कुणी करत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल या धंद्यात कमालीचं मौन आहे: गारवा देणाऱ्या यंत्रातला गॅस. रेफ्रिजरेटेड व्हॅन-ट्रकांमध्ये वर्षानुवर्षं आर-४०४ए हा वायू वापरला गेला आहे. त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट आहे. एक किलो गळला तर जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. वरच्या दुप्पट केलेल्या दरानेसुद्धा पंचवीस टन कांद्याच्या अख्ख्या कंटेनरचा समुद्रप्रवास अडीच टनांचा होतो. म्हणजे एका व्हॅनमधून झिरपलेला किलोभर गॅस दीड कंटेनर कांद्याच्या सफरीएवढा. खडबडीत रस्त्यांवर आणि या उन्हात जोड सैल होतात, गळती होते, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘गॅस कमी झाला होता, भरून दिला.’ बिलावर ती किरकोळ दुरुस्ती असते. असे वायू कमी करण्यासाठी झालेल्या २०१६ च्या किगाली करारात भारत आणि बहारीन एकाच गटात आहेत. या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे. तोवर जुन्या व्हॅनमध्ये वर्षाला किती किलो गॅस भरला याची नोंद ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात, कारण त्या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेच्या अभ्यासात स्पेनहून येणाऱ्या काकडीच्या एकूण बोज्यात प्लास्टिकच्या वेष्टनाचा वाटा सुमारे एक टक्का निघाला, आणि फेकलेली एक काकडी ९३ वेष्टनांइतकी महाग पडली. तर २०२२ मध्ये ब्रिटनच्या रॅप संस्थेने दाखवलं की सफरचंद, बटाटे, केळी यांसारख्या वस्तू सुट्या विकल्या की लोक लागतील तेवढ्याच घेतात आणि घरातली नासाडी कमी होते. तेव्हा लांबून आलेल्या नाजूक काकडीला वेष्टन असू द्यावं, बटाट्याला नको. वस्तू पाहून ठरवायचं हे काम आहे. सरसकट बंदीने किंवा सरसकट पॅकिंगने ते होत नाही.

दानाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. बहारीनमध्ये ‘हिफ्झ अल-नेअमा’ ही संस्था २०१४ पासून हॉटेलं आणि लग्नसमारंभांतलं उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना पोचवते. रमजानमध्ये तिचं काम किती मोलाचं ठरतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण वितरकाने दानाचे आकडे पर्यावरणाच्या खात्यात मिरवणं मला पटत नाही. उरतं म्हणून दिलं जातं, आणि दरवर्षी दानाचा आकडा वाढतो याचा अर्थ खरेदीचा अंदाज दरवर्षी चुकतो. आधी उरू नये अशी व्यवस्था, मग उरलेलं माणसाला, मग जनावराला, मग खताला, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

एवढं खंडन झाल्यावर बुदैयाच्या बाजाराचं काय, असं कुणीही विचारेल. तर त्याचं मंडन मी या मुद्द्यावर करतो: तिथे पहाटे काढलेली जुडी दुपारच्या आत खपते. तिला कोल्ड स्टोअर लागत नाही, व्हॅनमधल्या टोमॅटोची सोबत लागत नाही, एक्सपायरीची चिठ्ठी लागत नाही, रिटर्न तर नाहीच. शेतकरी स्वतः विकतो, म्हणून गेल्या शनिवारी काय उरलं ते त्याला आठवतं आणि पुढच्या वेळी तो तेवढंच काढतो. वेडीवाकडी काकडीही तिथे विकली जाते, कारण समोर उभा राहून तो सांगू शकतो की चवीला तीच आहे. हिवाळ्यातली पालेभाजी, मुळा, कोथिंबीर इथलीच घ्यावी. ती नाही घेतली तर तिची जागा विमानाने आलेली जुडी घेते. आपल्या घरांतला कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा बहुधा विमानानेच येतात, हेही ध्यानात असू द्यावं. बहारीनमधल्या पुष्कळ अंगणांत कढीपत्त्याचं झाड उत्तम तग धरतं, आणि ते लावणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

एक आक्षेप राहिला, आणि तो सर्वांत वजनदार आहे: परावलंबनाचा. भारताने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ च्या सुरुवातीपर्यंत. मधल्या काळात फेब्रुवारीत बांगलादेश, मॉरिशस, बहारीन आणि भूतान या चार देशांसाठी ५४,७६० टनांना परवानगी मिळाली, त्यात बहारीनचा वाटा ३,००० टनांचा होता. दिल्लीतल्या एका निर्णयाने नाशिकचा शेतकरी रस्त्यावर येतो आणि मनामातल्या भाजीबाजारात कांद्याचा भाव चढतो, हे खरं आहे. पण हा पुरवठ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्याची उत्तरं वेगळी आहेत: दोन-तीन देशांतून खरेदी, चांगली साठवण. साठवणीचं म्हणाल तर लासलगाव-पिंपळगावच्या चाळींत चार-सहा महिने ठेवलेल्या कांद्यातला पाव हिस्सा सडून, कोंब फुटून, वजन घटून जाणं ही नवलाची गोष्ट नाही. ती घट निम्म्यावर आली तर जो कांदा वाचेल त्यापुढे ३,००० टनांची परवानगी नगण्य आहे. सुरक्षिततेचा प्रश्न पर्यावरणाच्या नावाने विचारला की दोन्हींची उत्तरं चुकतात.

बुदैया आणि वितरक यांना मी परस्परांचे विरोधक मानत नाही. खरं काम त्यांच्या मधल्या बारा किलोमीटरांत आहे. गुरुवारपर्यंत चाळीस कुटुंबांनी आपली यादी कळवावी, शेतकऱ्यांनी शनिवारी पहाटे तेवढंच काढावं, आणि एखाद्या वितरकाच्या व्हॅनने ते उद्यानातून उचलून जुफैर, गुदैबिया, आदलियापर्यंत पोचवावं. चाळीस किलोमीटरची फेरी, पाचेक लिटर डिझेल, साधारण साडेतेरा किलो कार्बन डायऑक्साइड, आणि व्हॅनमध्ये दोनशे किलो भाजी. हिवाळ्यातल्या सकाळी त्या दोन तासांसाठी यंत्रही चालू करावं लागणार नाही. किलोमागे सत्तरेक ग्रॅम होतात, आणि तेव्हा कुठे बुदैयाची कोथिंबीर समुद्रावरून आलेल्या कांद्याच्या पंगतीला बसते.